शाडूची चव

"तोंड उघडा."

"अगं, काय झालं?"

"काही झालं नाही. तोंड उघडा म्हणते ना!"

आमचे हे शाडूच्या पिंपाआड उकिडवे बसले होते. गालात काहीतरी होतं. ते जिभेने इकडचं तिकडे केलेलं मला स्पष्ट दिसलं. केतकी पाळण्यात होती तेव्हा ह्यांनी तंबाखू सोडली होती, तीही देवासमोर, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. आता पोरगी कॉलेजात जायला लागली, आणि हा माणूस भरदुपारी सगळे जेवायला गेलेले बघून पिंपाआड लपून तोंड हलवतोय! माझं डोकंच फिरलं.

"हेमा, ओरडू नकोस. यशोदाकाकू अंगणातच हात धुतेय."

"ऐकू दे की! अख्ख्या पेणला ऐकू दे. पोरीची शपथ घेतली होतीत. लाज नाही वाटत?"

तरी तोंड उघडेनात. मग मी सरळ हनुवटी धरली आणि बोट आत घातलं. बोटाला चिकट काहीतरी लागलं. बाहेर काढून बघते तर करडं. वास घेतला. तंबाखू कुठली! आमच्या कारखान्याचाच वास होता तो, भिजवलेल्या शाडूचा.

"माती?"

ह्यांनी खाली मान घातली.

"अहो, तुम्ही गणपतीची माती खाताय?"

"गणपतीची नाही गं. नुसत्या गोळ्यातली. मूर्तीला लावायच्या आधीची." आणि वर मलाच समजावतात, "त्यात पाप नाही लागत."

पाप-पुण्याचं मी विचारलंच नव्हतं. मी तिथेच फरशीवर बसले. कपाळाला हात लावायलासुद्धा सोय नाही, हाताला सगळा चिखल.

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर कधीतरी. वास आला की तोंडाला पाणी सुटतं. चिमूटभर टाकली की बरं वाटतं. मी खूप थांबवून बघितलं, हेमा. नाही थांबवता येत." मग माझा चिखलाचा हात धरून म्हणाले, "कोणाला सांगू नकोस. तुला माझी शपथ. काकूला तर मुळीच नको. ती मला जगू द्यायची नाही."

काकूच्या तोंडाची भीती खोटी नव्हती. यशोदाकाकू माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे कामाला. कच्च्या मूर्तीवर ओला ब्रश फिरवून ती अंग असं गुळगुळीत करायची की हात फिरवत राहावा. पण जीभ? अरे बापरे! तिच्या हाती अशी गोष्ट लागली असती तर अनंत चतुर्दशीपर्यंत पुरवून पुरवून वापरली असती. मी शपथ घेतली. नवऱ्याची शपथ, ती काय मोडायची असते?

आमचा कारखाना छोटाच. साच्यातून मूर्ती काढणं, हात-सोंड जोडणं, रंगाचा हात मारणं, हे सगळं आम्ही सहा-सात माणसं मिळून करायचो. डोळ्यांची आखणी मात्र फक्त हे. ह्यांचं नाव विश्राम, पण आखणीच्या दिवसांत विश्रांती कसली ती माहीत नाही. हे आखणीला बसले की रेडिओ बंद, पंखा बंद, बोलणं बंद. श्वास धरून एक रेघ, की मातीचा गणपती तुमच्याकडे बघायला लागायचा. आमची गिऱ्हाईकं त्या नजरेसाठी यायची. तसे डोळे आधी माझे सासरे काढायचे, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. नानांच्या मागे हे.

आणि नानांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. आधी बसल्या बसल्या एक पाय हलायला लागला. आम्ही हसायचो, नाना भजनाचा ठेका धरतायत म्हणून. मग उजवा हात. डॉक्टर म्हणाले, कंपवात. एका वर्षी त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला तो त्यांनी परत उचलला नाही. शेवटी शेवटी मी त्यांना भात भरवायचे. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ते मुलाची आखणी बघायचे आणि स्वतःचा हात मांडीखाली दाबून धरायचे.

त्या ज्येष्ठात ह्यांचा पाय हलायला लागला.

आधी मी लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण रात्री हे अंथरुणात पडले की पाय चोळायचे, उठायचे, ओटीवर फेऱ्या मारायचे. विचारलं तर म्हणायचे, आतून ओढल्यासारखं होतं. दिवसा माळ्यावरून साचा काढायला चढले की धापा टाकत उतरायचे. "वय झालं गं," म्हणायचे. कसलं वय? पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. आणि अधूनमधून पिंपापाशी जाऊन ते मातीचं चालूच. मी बघितलं न बघितलं करायचे. ते खूळ वेगळं आणि पायाचं दुखणं वेगळं, असंच माझ्या डोक्यात होतं.

मग आषाढात राऊतांची मूर्ती आखणीला आली. अलिबागचं घराणं, नानांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. मूर्ती चांगली कमरेएवढी. हे पाटावर बसले, ब्रश भिजवला, टोक जिभेवर फिरवलं. सगळे गप्प. ब्रश डाव्या डोळ्याला टेकला, रेघ निघाली, आणि अर्ध्यावर ह्यांचा पाय असा काही झटकला की रेघ सरळ भुवईत गेली.

 ह्यांनी फडक्याने पुसलं, पुन्हा ब्रश धरला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ब्रश नुसताच हवेत राहिला. मग त्यांनी तो पाण्याच्या डब्यात ठेवला, मूर्तीवर पांढरं फडकं टाकलं आणि बाहेर निघून गेले.

यशोदाकाकू माझ्याजवळ सरकली. "हेमा, नानांचंही असंच पायापासून..."

"काकू, तोंड आवर!" मी अशी ओरडले की बिचारी दचकलीच. पण तिने जे म्हटलं ते माझ्या मनात केव्हाचं होतं. मनात होतं म्हणून तर ओरडले.

हे मागच्या अंगणात बांबूच्या तट्ट्याला टेकून उभे होते.

"नानांचं आलं माझ्याकडे," म्हणाले.

"कशावरून?"

"कळतं ते."

"डॉक्टरकडे चला. उद्याच जाऊ."

"नको. त्यांनी एकदा नाव घेतलं की माझा हात त्याच दिवशी जाईल. तोपर्यंत चार मूर्तींचे डोळे तरी होतील." मग माझ्याकडे वळून, "मला खुर्चीत बसवू नकोस गं. नानांच्या त्या खुर्चीत नको."

 मला रडू फुटलं आणि रागही आला, कोणाचा ते कळेना. मी ती खुर्ची उचलली आणि माळ्यावर नेऊन टाकली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

डॉक्टरकडे जाणार नाहीत, पण रक्तदानाला? तिथे मात्र पायात चपला घालून तयार! त्याचं असं आहे की केतकीच्या वेळी माझं फार रक्त गेलं होतं. ह्यांचं रक्त मला चालेना. कोणा अनोळखी माणसाने दिलेल्या रक्ताच्या बाटल्या चढवल्या म्हणून मी आज तुम्हाला हे सांगतेय. तेव्हापासून ह्यांचा नेम. तीन महिने भरले की शिबिर कुठे आहे ते शोधत जायचे. पेणला नसलं तर वडखळला, नाहीतर अलिबागला. शिबिरात भेट मिळालेल्या बॅगा आणि स्टीलचे डबे कामाच्या बायकांना वाटून टाकायचे. कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, "आमची हेमा उभी आहे ना समोर?"

आखणी बिघडल्यानंतरच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये शिबिर होतं. मी म्हटलं, ह्या वेळी राहू द्या. ऐकतील तर शपथ! मग मीही गेले बरोबर. काकूही आली, तिचा भाचा शिबिर भरवणाऱ्या मंडळात होता आणि तिला फुकटचा चहा कधी चुकवायचा नसतो.

तिथे आधी बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडतात. थेंब तरंगला तर रक्त कमी, तळाला गेला तर चांगलं. ह्यांचा थेंब खड्यासारखा तळाला गेला. किती दिवसांनी ह्यांच्या चेहऱ्यावर हसू बघितलं मी!

"बघ! आहे की नाही एक नंबर?" म्हणाले. "एवढं तरी धड आहे माझं."

आणि नंबर यायची वाट बघत खुर्चीवर बसले. बसले की पाय सुरू. शिबिराच्या डॉक्टर मुकादम मॅडम, केतकीहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील, समोरून चालल्या होत्या. दोन पावलं पुढे जाऊन मागे आल्या.

"काका, पाय असा कधीपासून हलतोय?"

"सवय आहे."

"रात्री पण?"

ह्यांनी पाय खुर्चीखाली ओढला. मी म्हटलं, "रात्री तर जास्तच. ओटीवर फेऱ्या मारतात."

बाईंनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. "दम लागतो?" "कधी कधी." "किती वर्षं रक्त देताय?" "मुलगी झाल्यापासून." "दर तीन महिन्यांनी?" "कधी चुकवलं नाही." हे ह्यांनी छाती काढून सांगितलं. बाई मात्र कपाळाला आठ्या घालून बघत राहिल्या.

"एक विचारते, खरं सांगा. बर्फ, खडू, कच्चे तांदूळ, माती, असलं काही खावंसं वाटतं का?"

"छे! काहीतरीच काय!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. शपथ. शेजारच्या खुर्चीवर काकू बशीत चहा ओतून कान टवकारून बसलेली, मागे अख्खी रांग.  पण मनात म्हटलं, ह्या पोरीला माती कशी सुचली? आम्ही कोणाला बोललो नाही, वेडेपणाची गोष्ट म्हणून झाकून ठेवली, आणि हिला घरात न येता कसं कळलं?

"खातात," मी म्हटलं. "शाडू खातात. लपून लपून. दिवाळीपासून."

"हेमा!"

उभ्या जन्मात त्यांनी माझं नाव असं घेतलं नव्हतं. आणि काकू? तिच्या नाकातून चहा बाहेर आला. "अगो बाई! विश्रामला डोहाळे लागले!"

अख्खा हॉल हसला. ह्यांचा चेहरा लालबुंद. उठून निघालेच होते, पण बाईंनी मनगट धरून खाली बसवलं.

"हसू नका कोणी," त्या मागे वळून बोलल्या. आवाज लहानसा, पण असा काही लागला की रांग गप्प झाली. मग ह्यांना म्हणाल्या, "काका, तुम्हाला वेड लागलेलं नाही. तुमच्या अंगातलं लोह संपत आलंय बहुतेक. लोह कमी झालं की काही माणसांना माती खावीशी वाटते. बायकांनाच नाही, पुरुषांनाही."

"पण माझा थेंब बुडला!"

"बुडणारच. नळाला धार आली म्हणून टाकी भरलेली असते का? टाकीतलं शेवटचं पाणीसुद्धा धो धो येतं. शरीर लोहाचा साठा वेगळा ठेवतं. तुम्ही रक्त दिलंत की नवं रक्त करायला ते त्या साठ्यातून घेतं. थेंब धारेचं सांगतो, टाकीचं नाही. जे नेमाने देतात ना, त्यांचंच असं होतं, आणि त्यांनाच आम्ही दरवेळी 'छान आहे' म्हणून पाठवतो."

ह्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "म्हणजे आज माझं रक्त घेणार नाही?"

"आज नाही."

"आणि पाय?" ते मी विचारलं. त्यांच्या तोंडून तो शब्द निघणार नव्हता. "ह्यांच्या वडलांना कंपवात होता, मॅडम. आधी पाय, मग हात. हे मूर्तीचे डोळे काढतात."

बाईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली. ह्यांचे दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवायला लावले आणि बघत राहिल्या. बोटं उघडझाप करायला लावली, चालून दाखवायला लावलं, कोपरातून हात वाकवून बघितले. मी पदराचं टोक चावत उभी. काकूसुद्धा बशी खाली ठेवून उभी राहिली होती.

"काका, हा पाय आपोआप हलतो, की तुम्ही हलवता?"

ह्यांनी विचार केला. "मीच हलवतो. न हलवता राहवत नाही. आत कसंतरी होतं."

"आणि हलवला की बरं वाटतं?"

"हो. तेवढ्यापुरतं."

"कंपवात असा नसतो," त्या म्हणाल्या. "त्यात माणूस स्वस्थ बसला की आपोआप कंप येतो, हलवावंसं वाटतं म्हणून नाही. तुमचे हात बघा, किती स्थिर आहेत. लोह कमी झालं की पायाला नेमकं असंच होतं. मी तपासण्या झाल्याशिवाय शंभर टक्के सांगणार नाही. पण मला ते दुसरं वाटत नाही."

मग खाण्यापिण्याचं विचारलं. जेवणावर लगेच चहा? हो. तो बंद, चहा लोह अंगी लागू देत नाही. मासे खाता ना, पेणची माणसं तुम्ही? हे म्हणाले, "सीझनला नाही खात. डोळे काढणाऱ्याचा नेम असतो."

"सीझन कधी असतो?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. नानांच्या वेळी सीझन पावसाळ्यापुरता. आता परदेशच्या मूर्ती माघातच रवाना होतात, त्या संपत नाहीत तोवर मुंबईच्या सुरू. सीझन वर्षभराचा झाला, तसा ह्यांचा नेमही मुकाट्याने वर्षभराचा झाला होता. घरात बांगडा तळला तरी हे वरणभात जेवायचे. मलासुद्धा कधी हिशेब सुचला नव्हता.

काकूच बोलली. "अरे विश्राम, नाना गणपती बोळवले की दुसऱ्या दिवशी सुरमई आणायचे! नेम नानांचाच ना? मग नानांएवढाच पाळ की." मग माझ्याकडे बघून हळूच, "मी उगाच हसले गं."

तपासणीचा निकाल आणायला आम्ही अलिबागला गेलो. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे पोटाचीही तपासणी केली होती, कुठून आतल्या आत रक्त जात नाही ना, ते बघायला. तिथे सगळं ठीक होतं. लोहाचा साठा मात्र खडखडाट. आणि तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी ह्यांना नीट तपासून स्वच्छ सांगितलं, कंपवाताचं एकही लक्षण नाही. गोळ्या घ्या, लिंबू पिळून पालेभाज्या खा, माती बंद, रक्त देणं सध्या बंद.

"कायमचं?" हे विचारतायत.

"कायमचं कशाला? साठा भरू दे. मग वर्षातून एखाद्या वेळी, तपासून."

बाहेर पायऱ्यांवर आलो आणि हे बसलेच. "नाही गं ते," म्हणाले. "हेमा, नाही ते." आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. जाणारे-येणारे बघतायत, काहींना वाटलं असेल आतलं कोणीतरी गेलं. मला मात्र हसू येत होतं. असं हसू, की आवरता आवरेना. किती महिन्यांनी मी पोट भरून श्वास घेतला, त्या दिवशी. एसटीत बसल्यावरही हे मधूनच माझा हात दाबायचे आणि म्हणायचे, "नाही ते."

तरी मनातलं भूत एवढ्याने जातं होय? गोळ्या सुरू होऊन चार दिवस झाले, आठ दिवस झाले. राऊतांची मूर्ती फडक्याखाली तशीच. हे तिच्याकडे पाठ करून बसायचे, मुकुट रंगवायचे, सोंडेवरची नक्षी काढायचे. डोळे? "उद्या बघू." शाडूच्या पिंपावर मी झाकण ठेवून वर वरवंटा ठेवला होता, आणि हा घोडा झालेला माणूस त्या वरवंट्याकडे बघून आवंढा गिळायचा.

श्रावण लागला. एका सकाळी मी गोळा मळत होते. हे शेजारून जाता जाता थांबले. सवयीने चिमूट उचलली आणि टाकली तोंडात. मी ओरडणार तेवढ्यात,

"थू! थू! शी!"

"काय झालं?"

जीभ बाहेर काढून सदऱ्याच्या बाहीला पुसत होते. "अगं, काय हे! माती आहे ही!"

"मग? इतके दिवस काय पेढे होते?"

काकू खाली बसली पोट धरून. हेही हसले. हसता हसता थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. "अगं, मातीच लागतेय," ते हळूच म्हणाले, "नुसती माती." मी उठून पिंपाआड गेले आणि तिथे बसून पोटभर रडले, जिथे त्यांना पकडलं होतं तिथेच.

बाहेर आले तर रेडिओ बंद झाला होता. पंखाही. राऊतांच्या मूर्तीवरचं फडकं घडी करून बाजूला ठेवलेलं, आणि हे पाटावर बसलेले. यशोदाकाकू दोन्ही हात जोडून भिंतीला चिकटून उभी.

ह्यांनी ब्रशचं टोक जिभेवर फिरवलं. श्वास धरला.

सगळे मूर्तीकडे बघत होते. राऊतांकडचे लोक अजून सांगतात, त्या वर्षीची नजर काही वेगळीच होती. असेल. मी ती निघताना बघितलीच नाही. मी खाली बघत होते, ह्यांच्या पायाकडे. अनवाणी, टाचेला रंग लागलेला उजवा पाय. डावा डोळा झाला. उजवा झाला. पाय जिथे ठेवला होता, तिथेच होता.